औषधी वनस्पतींचें ऊतिसंवर्धन आणि आपलें हळदीचें बेणें

औषधी वनस्पती लावा, त्यांचीं रोपें प्रयोगशाळेंतून आणा, आणि उसापेक्षां चौपट पैसा मिळवा, असा उपदेश अलीकडे शेतकऱ्याच्या कानांवर वारंवार पडत असतो. कुपवाडसारख्या ठिकाणीं त्याची भुरळ पडणें अगदीं स्वाभाविक आहे. १९९८ सालीं कुपवाड हें सांगली व मिरज या शहरांसह एकाच महानगरपालिकेंत गेलें. औद्योगिक वसाहत वाढली, घरांसाठीं जमिनीचे तुकडे पडत गेले. ज्याच्याजवळ आतां एक-दोन एकरच उरलें आहे, त्यास थोड्या जागेंत अधिक मोलाचें पीक हवेंसें वाटणारच. म्हणूनच या नव्या पद्धतीचें खरें सामर्थ्य कशांत आहे व तिच्यावर किती पैसा लावावा, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. दूरच्या अनोळखी वनस्पतींचीं नांवें घेत बसण्यापेक्षां आपल्या परिचयाची हळदच आम्ही उदाहरणादाखल घेतों. ती औषधी आहे याविषयीं कोणाचा वाद नाहीं. आणि हळदीचें ऊतिसंवर्धन ही कांहीं परदेशची वार्ता नव्हे, तें काम आपल्या पुण्यांतच झालेलें आहे.

हळदीस बीं धरत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचें कारण फार थोड्यांस माहीत असतें. बहुतेक झाडांच्या व प्राण्यांच्या पेशींत गुणसूत्रें जोडीजोडीनें असतात. हळदींत मात्र त्यांचे दोनऐवजीं तीन संच, एकूण ६३ गुणसूत्रें असतात. तिघांच्या जोड्या लागत नाहींत, म्हणून फूल येऊनहि सुपीक बीं तयार होत नाहीं. अर्थात् हळदीची सारी वंशवृद्धि गड्ड्यानेंच होते. याचा एक लाभ असा कीं, चांगल्या जातीचा गुण पिढ्यान्‌पिढ्या जसाच्या तसा राहतो. तोटाहि तितकाच मोठा आहे. बियांतून पीक घेतांना आईचे पुष्कळसे रोग बियांत उतरत नाहींत. गड्ड्यांतून मात्र ते बेण्याबरोबरच शेतांत येतात. कंदकुजीची बुरशी, कंदमाशीच्या अळ्या, मुळांवरील सूत्रकृमी हे सर्व पाहुणे एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जातात ते बहुधा पोत्यांत भरलेल्या बेण्यावर बसूनच जातात.

शिवाय एकरास बेणें लागतें तें थोडेंथोडकें नव्हे. हेक्टरीं २५ क्विंटल, म्हणजे एकरीं सुमारें १० क्विंटल जेठे गड्डे लागतात. इतकें बेणें निवडून, सावलींत पाल्याखालीं झांकून, मार्चपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत व त्याही पुढें सांभाळावयाचें, आणि त्यांतला एखादा सडका गड्डा नजरेंतून सुटला तर त्याचें फळ भाद्रपदांत पाहावयाचें, हा अनुभव कृष्णाकांठीं कोणास नवा नाहीं. सुधारलेली नवी जात एखाद्या संशोधन केंद्रांतून बाहेर पडली तरी ती गांवोगांव पोहोंचण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात, याचेंहि कारण हेंच. एक गड्डा वर्षांत फार तर आठ-दहा गड्ड्यांचा बाप होतो. त्यापेक्षां अधिक घाई तो करूं शकत नाहीं.

ही घाई करतां यावी व रोग मागें टाकतां यावा, यासाठींच ऊतिसंवर्धनाचा मार्ग निघाला. वनस्पतीच्या एका सुट्या पेशींतहि संपूर्ण झाड होण्याची शक्ति असावी, ही कल्पना हाबरलांट या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडली. प्रत्यक्षांत ती उतरण्यास अर्धशतक लागलें. १९५७ सालीं स्कूग व मिलर यांनीं असें दाखविलें कीं, वनस्पतींतील दोन प्रकारच्या वाढद्रव्यांचें प्रमाण कमीजास्त केलें म्हणजे त्याच पेशींच्या गोळ्यास हवे तर कोंब फुटतात, हवीं तर मुळें फुटतात. १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं जें पोषक द्रावण सिद्ध केलें, तें आजहि बहुतेक प्रयोगशाळांत वापरतात. आपला देशहि यांत मागें नव्हता. दिल्ली विद्यापीठांत शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनीं १९६४ सालीं धोतऱ्याच्या परागकोशांतून रोपें वाढविलीं आणि साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. धोतरा ही औषधी वनस्पतीच, हें येथें सहज लक्षांत आणून द्यावेसें वाटतें.

हळदीचें काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत झालें. नाडगौडा, मस्करेन्हस, हेंद्रे व जगन्नाथन् या चौघांनीं हळदीच्या रोपांची ऊतिसंवर्धनानें जलद वाढ कशी करावी, हें १९७८ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें कालिकतच्या भारतीय मसाला पिकें संशोधन संस्थेनें व इतरांनींहि हळद, आलें, वेलदोडा यांवर पुष्कळ काम केलें. ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची पुण्याची ही प्रयोगशाळा आहे, त्याच परिषदेनें हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेंत १९९५ सालीं दिलेला एकाधिकार १९९७ सालीं रद्द करविला, ही गोष्ट बहुतेकांच्या ऐकिवांत असेल. ती गाजली. नळींतल्या डोळ्याची गोष्ट मात्र गाजली नाहीं; शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती कमी मोलाची होती असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. ती नीट समजली म्हणजे विकणाऱ्याच्या बोलण्यांतील खरें-खोटें आपोआप कळूं लागतें.

निरोगी, जातिवंत हळदीचा गड्डा घेऊन त्यावरील नुकताच फुगलेला डोळा काढतात. मातींत वाढलेला हा डोळा, म्हणून त्यावर जंतूंचा बुजबुजाट असतो. तो वाहत्या पाण्यांत, मग साबणाच्या पाण्यांत धुऊन कांहीं मिनिटें मर्क्युरिक क्लोराईड या पाऱ्याच्या विषांत बुडवितात व निर्जंतुक पाण्यानें पुनःपुन्हां विसळतात. इकडे कांचेच्या बाटल्यांत आहार तयार ठेवलेला असतो: नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह इत्यादि क्षार, थोडीं जीवनसत्त्वें, लिटरास सुमारें ३० ग्रॅम साखर, आणि हें सर्व घट्ट बसावें म्हणून समुद्री शेवाळापासून निघणारें अगर. या बाटल्या १५ पौंड वाफेच्या दाबाखालीं, १२१ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत पंधरा-वीस मिनिटें उकडून काढलेल्या असतात. साखर व ऊब जेथें आहे तेथें बुरशी यावयाचीच. एक बीजाणु आंत गेला तरी बाटली फुकट जाते. म्हणून गाळलेल्या हवेच्या झोतांत, हात व चिमटे निर्जंतुक करून, डोळा बाटलींत ठेवतात. पुढें खोली २५ अंशांच्या आसपास, दिव्याचा उजेड रोज सोळा तास.

कोंब फुटावे म्हणून कोंब फोडणारें वाढद्रव्य आहारांत अत्यल्प, लिटरास एक-दोन मिलिग्रॅम, घातलेलें असतें. महिना-दीड महिन्यांत एका कोंबाचे तीन-चार होतात. ते वेगळे करून नव्या बाटल्यांत ठेवावयाचे, पुन्हां तितकेच दिवस थांबावयाचें. तिप्पट-चौपटीचा हा हिशोब वर्षांत आठ वेळां झाला तर एका डोळ्याचीं हजारों रोपें कां होतात हें सांगावयास नको. हळदीस मुळेंहि त्याच बाटलींत सहज फुटतात, ही तिची एक सोय आहे.

कठीण भाग यापुढें येतो. बाटलींत वाढलेलें रोप हें पाळण्यांतलें पोर आहे. आंतली हवा ओलाव्यानें भरलेली, अन्न तयार. त्यामुळें त्याच्या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, पानांचीं छिद्रें वेळेवर मिटत नाहींत, मुळें मातीशीं झगडलेलीं नसतात. असें रोप एकदम आपल्या वैशाखाच्या उन्हांत आणलें तर तासाभरांत मान टाकतें. म्हणून अगर धुऊन टाकून, नारळाच्या भुशांत तें लावून, प्रथम दाट ओलाव्यांत व सावलींत आणि मग क्रमाक्रमानें ओलावा कमी व ऊन जास्त करीत, एकंदर सहा-आठ आठवडे त्यास कणखर करावें लागतें. रोपें मरतात तीं बहुधा याच टप्प्यांत. ज्यास शेतांत जागा थोडी पण पाणी, वीज व घरचें मनुष्यबळ हाताशीं आहे, अशा कुपवाडच्या शेतकऱ्यानें प्रयोगशाळा काढण्याच्या भानगडींत न पडतां सावलीच्या जाळीखालीं रोपें कणखर करण्याची ही रोपवाटिका चालवावी, तिला लागणारें कौशल्य आपल्या भाजीपाल्याच्या रोपवाटिकावाल्यांपाशीं आहेच, असें आमचें मत आहे. कांहीं प्रयोगशाळांत आहारांतील साखर दुप्पट-तिप्पट करून बाटलींतच लहान लहान कंद धरवितात. हे सूक्ष्मकंद दूर नेण्यास व ठेवण्यास रोपांपेक्षां सोपे जातात.

हीं रोपें रोगमुक्त असतात, परंतु रोगप्रतिकारक नसतात. हा भेद ज्यानें ध्यानांत घेतला नाहीं त्याचा पैसा बुडाला म्हणून समजावें. बाटलींतलें रोप स्वच्छ आहे, कारण त्यास कोठलीहि बुरशी भेटलेली नाहीं. ज्या वाफ्यांत गेल्या वर्षीं कंदकूज झाली होती, जेथें पाणी साचतें, त्याच वाफ्यांत तें लावलें तर जमिनींतली बुरशी त्यास इतर रोपांसारखीच, किंबहुना कोवळीं मुळें पाहून अधिक त्वरेनें, धरील. तेव्हां स्वच्छ रोपास जमीनहि तशीच हवी: उत्तम निचऱ्याची, निदान दोन-तीन वर्षें हळद किंवा आलें न घेतलेली, गादीवाफ्याची.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. प्रयोगशाळेंतील रोपापासून पहिल्याच वर्षीं भारी हळकुंडें मिळतील अशी आशा धरूं नये. गड्ड्याजवळ स्वतःची शिदोरी असते, तिच्या बळावर तो जोमानें फुटतो. नळींतल्या रोपाजवळ ती नसते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत आल्याच्या ऊतिसंवर्धित रोपांची शेतांत चाचणी घेतली, तिचा वृत्तांत १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या पिढींत गड्डे बारीक व उत्पन्न साध्या बेण्यापेक्षां कमी, असेंच तेथें आढळलें. आलें हें हळदीचें सख्खें भावंड. म्हणून पहिल्या वर्षींच्या पिकाकडे विक्रीचा माल म्हणून पाहूं नये, तें बेणें समजावें.

याचा हिशोब मांडून पाहूं. आंकडे सोयीसाठीं धरलेले आहेत, प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून पाहावें. गादीवाफ्यावर एकरीं सुमारें १८,००० रोपें बसतात. रोप दहा रुपयांस धरलें तर एकरास एक लाख ऐंशी हजार रुपये केवळ रोपांसच गेले. आणि किलोस चाळीस रुपये भावानें दहा क्विंटल साधें बेणें चाळीस हजारांत येतें. पहिल्या वर्षीं उत्पन्नहि कमी. हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

परंतु एकराऐवजीं एकच गुंठा घेतला तर? ४५० रोपें, साडेचार हजार रुपये. पहिल्या वर्षीं रोपास २०० ग्रॅमच गड्डे धरले तरी ९० किलो माल झाला. त्यांतील निम्मा, निवडून, ४५ किलो बेण्यास ठेवला तर दुसऱ्या वर्षीं पावणेदोन-दोन गुंठे लागतील. साध्या पिकाचें एकरीं १०० क्विंटल ओलें उत्पन्न धरलें तर गुंठ्यास अडीच क्विंटल पडतें, म्हणजे दुसऱ्या वर्षाखेर साडेचार क्विंटल. पुन्हां निम्में बेणें ठेवून तिसऱ्या वर्षीं नऊ गुंठे, आणि त्यांतून बावीस क्विंटल. त्याच्याहि निम्म्यांत चौथ्या वर्षीं पुरा एकर लावून बेणें उरतें. साडेचार हजार रुपयांत, तीन वर्षांच्या धीरानें, घरचा एकर स्वच्छ बेण्यानें भरला. मात्र हा गुंठा इतर हळदीपासून दूर, वरच्या अंगास असावा, म्हणजे दुसऱ्या शेताचें पाणी त्यांत वाहून येणार नाहीं. आणि त्यांत वापरलेलीं खुरपीं-कुदळी आधीं धुतलेल्या असाव्या. इतकें पथ्य पाळवणार नसेल तर साडेचार हजारहि घालूं नयेत.

ज्यांस तेवढाहि खर्च नको त्यांच्यासाठीं एक मधला मार्ग आहे, आणि तो आम्हांस फार पसंत आहे. गड्ड्याचे एकेक डोळ्याचे पांच-सात ग्रॅमचे तुकडे करून, ते औषधाच्या द्रावणांत बुडवून, प्लॅस्टिकच्या खणाखणांच्या तबकांत नारळाचा भुसा व गांडूळखत घालून लावावे. महिना-सवा महिन्यांत रोप तयार होतें. अठरा हजार रोपांस शें-सव्वाशें किलो गड्डे पुरतात, आणि न उगवणारे तुकडे जमेस धरूनहि दहा क्विंटलांचें काम दोन क्विंटलांच्या आंत भागतें. मसाला पिकें संशोधन संस्थेनें या रीतीची शिफारस केलेली आहे. जो रोग गड्ड्याच्या आंत शिरला आहे तो यानें जात नाहीं, हें खरें. परंतु तुकडा करतांना आंतला सडका भाग डोळ्यांस दिसतो, आणि जें रोप तबकांतच मरतें तें शेतांत जात नाहीं. हळदीचीं उत्तम जातिवंत रोपें व बेणें यांसाठीं कसबे डिग्रज येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या हळद संशोधन केंद्राशीं आधीं बोलावें. तें कुपवाडहून हाकेच्या अंतरावर आहे. 'फुले स्वरूपा' ही जात तेथूनच बाहेर पडली.

हळद औषधी कां, तर तिच्यांतील पिवळ्या कुरकुमिनमुळें व सुगंधी तेलामुळें. प्रयोगशाळेंतील रोप लावलें म्हणजे कुरकुमिन वाढतें, असा एक समज पसरविला जातो. त्यास आधार नाहीं. रोप आईचीच प्रतिकृति असतें. आई राजापुरी असेल तर सहा टक्क्यांच्या आसपास, सेलम असेल तर चार-साडेचार टक्के, कृष्णा असेल तर तीन टक्क्यांच्या आंत. राजापुरी ही सांगलीच्या पेठेची जुनी मानकरीण, पण उत्पन्नांत सेलमाच्या मागें पडते, म्हणून सेलमानें तिची जागा घेतली. आतां कुरकुमिन काढणारे कारखाने टक्केवारीवर भाव देतात तेव्हां कोणत्या आईचें रोप घ्यावयाचें हा प्रश्न रोप कोठें वाढलें यापेक्षां महत्त्वाचा ठरतो. २०१८ सालीं 'सांगली हळद' यास भौगोलिक मानांकन मिळालें. हरिपुरच्या ज्या पेवांनीं हें नांव मिळवून दिलें त्यांतील बहुतेक २००५ च्या महापुरांत खचलीं, आणि लागवडींत हिंगोली व नांदेड जिल्हे आपल्या पुढें गेले आहेत. नांव टिकवावयाचें तर मालाच्या जातीवरच टिकवावें लागेल.

इतर औषधी वनस्पतींविषयीं थोडक्यांत. अश्वगंधा, इसबगोल हीं बियांपासून सहज व स्वस्तांत येतात. त्यांचीं ऊतिसंवर्धित रोपें कोणी विकूं लागला तर त्यास नमस्कार करून वाट दाखवावी. वेखंडाचे कंद तोडून लावले कीं झालें. सफेद मुसळीचें बीं नीट उगवत नाहीं, तेथें प्रयोगशाळेस कांहीं अर्थ आहे. परंतु मुसळी म्हटली कीं या शतकाच्या आरंभींचा आपल्या राज्यांतील अनुभव आठवतो. बेणें महाग घेतलें, माल परत घेण्याचे करार झाले, आणि काढणीच्या वेळीं घेणारा सांपडेना. रोपें किती छान होतीं यावर तेथें कांहींच अवलंबून नव्हतें.

नरक्याची कथा निराळी आहे. सह्याद्रीच्या दाट रानांतील या झाडांत कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य सांपडतें. १९६६ सालीं अमेरिकेंत वॉल व वाणी यांनीं तें एका चिनी झाडांतून काढलें व १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं तें आपल्या नरक्यांत दाखविलें. त्यापासून कर्करोगावरील औषधें होतात. परिणाम असा कीं, नरक्याचीं झाडें मुळासकट तोडून विकलीं गेलीं. तें वांचावें म्हणून तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत व अन्यत्र नरक्याच्या नुसत्या पेशी द्रावणांत वाढवून त्यांतूनच औषध काढण्याचे प्रयोग झाले. जपानांत १९८३ सालीं शिकोनिन हें तांबडें औषधी द्रव्य अशाच रीतीनें कारखान्यांत तयार होऊं लागलें होतें. हा मार्ग औषधाच्या कारखान्यांचा आहे. त्यांत शेतहि नाहीं व शेतकरीहि नाहीं. दोहोंसहि ऊतिसंवर्धन म्हणतात, त्यामुळें एकाचा लौकिक सांगून दुसऱ्याचीं रोपें खपविणें सोपें जातें.

रोपें घेतांना तीन-चार गोष्टी विचाराव्या. मूळ गड्डा कोणत्या जातीचा व कोठला? कोंब थेट डोळ्यापासून वाढविले कीं पेशींचा आकारहीन गोळा करून त्यांतून काढले? गोळ्यांतून काढलेल्या रोपांत आईपेक्षां वेगळीं निपजण्याचा संभव अधिक असतो. एका डोळ्यापासून किती वेळां वाटणी केली? फार वाटण्या झालेल्या रोपांत विकृति वाढते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था केलेली आहे. तिच्याखालीं मान्यता पावलेल्या प्रयोगशाळेची रोपें असतील तर विषाणुतपासणीचा व जातिशुद्धतेचा दाखला मागावा, आणि पावतीवर जात व खेप लिहून घ्यावी. रोप हातांत घेऊन पाहावें: पान रुंद व गर्द, मूळ पांढरें व भुशास धरून बसलेलें, बुडाशीं लहानसा फुगवटा. नळींतून नुकतेंच निघालेलें, काचेसारखें पारदर्शक रोप कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

मागणी नोंदवावयाची ती दिवाळीच्या सुमारास, कारण बाटल्यांतील वाटण्यांस महिने लागतात व लागवडीच्या तोंडावर मागितलेलीं रोपें अर्धीकच्ची मिळतात. शेतांत लावावयाचीं तीं जूनचा पहिला पाऊस होऊन हवा थंडावल्यावर, संध्याकाळच्या वेळीं. गड्ड्याच्या लागवडीप्रमाणें अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त यांस मानवत नाहीं.